दोन एचपी, बेल्टवाला, सेकंडहँड: कॉम्प्रेसर दुरुस्तीच्या नोंदी

८ जून

कॉम्प्रेसर आज वर्कशॉपमध्ये उतरवून घेतला. दोन एचपी, दोन सिलिंडरचा व्ही आकाराचा ब्लॉक, सिंगल स्टेज (हवा एकदाच दाबणारा), खाली १६० लिटरची आडवी टाकी, सिंगल फेज मोटर. कोल्हापुरातलं एक टायरचं दुकान बंद होतंय, तिथून ११,५०० रुपयांना मिळाला. टेम्पोचे ६०० वेगळे. याच मापाच्या नव्याचं कोटेशन तीस हजारांच्या वर होतं. आमचं काम फर्निचरचं. रोज नेलर (हवेवर खिळे मारायची गन) लागतो आणि पॉलिशच्या दिवशी स्प्रे गन तासन्‌तास चालते, म्हणून नुसता दाब येऊन भागत नाही, हवा सलग मिळावी लागते.

विकणाऱ्याने तक्रार लपवली नाही. म्हणाला, “मोटर थकलीय. कंडेन्सर नवीन टाकला, तरी उचलत नाही.” (कंडेन्सर म्हणजे मोटरला सुरू होताना जोर देणारा कपॅसिटर.) प्रत्यक्षात असं दिसलं: टाकी रिकामी असताना मशीन लगेच चालू होतं. काटा चार किलोपर्यंत बरा चढतो, पाचाच्या पुढे जवळजवळ थांबतो. तिथे बंद करून पुन्हा चालू केलं की मोटर नुसती घुमते आणि एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा बोर्डावरचा स्विच) पडतो. (किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो. गॅरेजवाले पाउंडात बोलतात. ७ किलो म्हणजे साधारण १०० पाउंड.)

असं मशीन बघायला जाणाऱ्यांसाठी: रिकाम्या टाकीवर चालू करून दाखवलं तर त्यातून काहीच कळत नाही. शून्यापासून पूर्ण दाबापर्यंत भरू द्या, घड्याळ लावा, प्रेशर स्विच आपोआप पडू द्या. मग हवा थोडी सोडून, टाकीत दाब असतानाच पुन्हा चालू होतो का ते बघा. बहुतेक दोष या पुन्हा चालू होण्यातच दिसतात.

९ जून

आधी टाकी. ब्लॉक, मोटर, व्हॉल्व्ह बिघडले तर पैसे जातात. टाकी फाटली तर माणूस जातो. टाकी पास झाल्याशिवाय वरच्या मशीनवर रुपया घालायचा नाही, हे घेतानाच ठरवलं होतं.

तळाचा ड्रेन कॉक गंजून जाम. पाइप पान्याने हलेना, डिझेल सोडून रात्रभर ठेवलं होतं तेव्हा सकाळी सुटला. आतून चॉकलेटी, तेलकट पाणी निघालं, जवळजवळ बादलीभर. म्हणजे कित्येक महिने कुणी पाणी काढलेलंच नव्हतं. पाणी तळाला बसतं, गंज तिथेच धरतो. बाहेरचा रंग कितीही ताजा असला तरी टाकीच्या पोटाखाली आडवं होऊन बघायला हवं.

ब्लॉक आणि मोटर उतरवली. लहान हातोडीने तळाची पूर्ण लांबी ठोकत गेलो. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, पातळ किंवा पापुद्रे सुटलेल्या पत्र्याचा बसका. दोन ठिकाणी शंका आली, खडूने गोल केले. टाकीवरची पाटी घासून वाचली: वर्किंग १० किलो, टेस्ट १५ किलो. ही पाटी नसलेली टाकी मी घेतली नसती.

१० जून

शिरोलीतल्या एका तपासणी करणाऱ्याकडे टाकी नेली. त्याने अल्ट्रासॉनिक गेज लावून जागोजागी जाडी मोजली. वरच्या बाजूला ४ मिलिमीटर, तळाच्या खडूच्या गोलांत सर्वांत कमी ३.४. त्यानंतर हायड्रो टेस्ट. दोन्हीचे मिळून ९०० रुपये.

हायड्रोत टाकी पाण्याने काठोकाठ भरतात, सर्वांत वरच्या सॉकेटमधून हवेचा शेवटचा बुडबुडा जाऊ देतात, मग हातपंपाने दाब वाढवतात. पाणी दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटलाच तर चिरेतून धार येते आणि दाब लगेच पडतो. तीच टाकी हवा भरून तपासली आणि फाटली तर पत्र्याचे तुकडे उडतात. म्हणून “जरा जास्त हवा भरून बघू, टिकतेय का” हा प्रकार कुणीही करू नये.

पहिल्यांदा १५ किलोवर दाब उतरत राहिला. सगळी टाकी कोरडी पुसली तेव्हा एका प्लगच्या आट्यांतून थेंब दिसला. प्लग काढून टेफ्लॉन गुंडाळून पुन्हा बसवला, पुन्हा पाणी भरलं. यात दुपार गेली. मग अर्धा तास काटा जागचा हलला नाही. टाकी पास. मशीन मी ७ किलोलाच चालवणार आहे, पाटीवर १० असले तरी.

नापास झाली असती तर टाकी भंगारात आणि ब्लॉक दुसऱ्या टाकीवर, हा हिशेब तयार होता. तळाला भोक पडलेल्या टाकीवर पट्टी मारून देणारे वेल्डर सगळीकडे भेटतात. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की पट्टीच्या कडेचा पत्रा आणखी कमजोर होतो, आणि फाटायची जागा तेवढी बाजूला सरकते. ते करू नका.

१२ जून

ब्लॉक परत टाकीवर ठेवला, कारण उघडण्याआधी चालू मशीनवर तपास करायचा होता. ओळखीचे टर्नर मामा उद्यमनगरातून येऊन गेले. चाळीस वर्षं याच कामात आहेत. मी व्हॉल्व्ह किटची यादी काढून बसलो होतो, ती त्यांनी वाचलीसुद्धा नाही. “सामान नंतर घे. आधी हवा कुठनं जातीया ते बघ.”

सर्वांत आधी मोटरचा प्रश्न मिटवला. बेल्ट काढला आणि मोटर एकटी चालू केली: पहिल्याच झटक्यात पूर्ण वेग, आवाज साफ. फ्लायव्हील हाताने फिरवून बघितलं, कुठे अडकत नाही. म्हणजे मोटरही ठीक आणि क्रँकही मोकळा. ही तपासणी फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते. ती आधी केली असती तर आधीच्या मालकाचे कंडेन्सरचे पैसे वाचले असते.

मग बेल्ट चढवून चालू केलं आणि एकेका जागेवर हात ठेवत गेलो.

एअर फिल्टर. दोन्ही सिलिंडरना वेगळे फिल्टर आहेत. उजवीकडे तळहात ठेवला तर हात आत ओढला जातो. डावीकडे हात ओढलाही जातो आणि उलट हवाही मारते, त्यावर तेलाचे बारीक शिंतोडे. सक्शनची पट्टी (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची पातळ पट्टी, रीड) बसत नसली की हे होतं: पिस्टन वर येताना हवा टाकीकडे जायच्या ऐवजी आली त्याच वाटेने परत जाते.

ब्रीदर. क्रँककेसच्या (खालच्या तेलाच्या पेटीच्या) ब्रीदरमधून, म्हणजे तिच्या हवेच्या तोंडातून, धाप लागल्यासारखी हवा येतेय, थोडी पण सतत. पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. ड्रेनमधलं तेलकट पाणीही हेच सांगत होतं.

अनलोडरची नळी. प्रेशर स्विचखाली एक बारीक नळी असते, ती एनआरव्हीजवळून येते (एनआरव्ही म्हणजे टाकीतली हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह). मोटर थांबली की स्विच या नळीतून हेडमधली (सिलिंडरच्या वरच्या झाकणातली) अडकलेली हवा सोडतो, एकदा ‘फुस्स’ होतं आणि थांबतं. माझ्याकडे ते थांबतच नाही, टाकी रिकामी होईपर्यंत बारीक सूं सूं चालू राहतं. अनलोडर त्याचं काम करतोय; टाकीतली हवा एनआरव्हीतून उलटी येतेय. ही नळी आधीच्या कुणीतरी चेपून बंद केलेली होती, ती मी सरळ केली तेव्हा कुठे हा आवाज आला. गळती थांबवण्यासाठी नळी चेपली, त्यामुळे हेडमधला दाब सुटेना, आणि पिस्टनवर पाच किलोचा दाब असताना मोटरला फिरायला सांगितलं जात होतं. मग एमसीबी पडणारच.

तीन जागांचे तीन दोष. पण मोटर उचलत नव्हती ती फक्त शेवटच्या दोषामुळे.

टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडायचा मीटर) लावून करंटही मोजला. मोटरच्या पाटीवर १०.५ अँपिअर, पाच किलोवर प्रत्यक्षात साडेबारा. हवा गळतेय, तरी मोटर जास्त ओढतेय. याचं कारण आज लागलं नाही.

१४ जून

एनआरव्ही. डिलिव्हरीची फिनवाली नळी टाकीत शिरते तिथे हा पितळी व्हॉल्व्ह बसतो. टाकी पूर्ण रिकामी करून, काटा शून्यावर आलाय हे बघून आणि ड्रेन कॉक उघडा ठेवूनच पाना लावला.

आत टेफ्लॉनची चकती, तिच्यावर सीटची (चकती टेकते त्या कडेची) गोल खाच उमटलेली, आणि त्या खाचेत काळा कोळसा. कोळशाबरोबर लाल रंगाचे रबरी तुकडेही निघाले. सिलिकॉन गॅस्केट मेकर! हेडला कुणीतरी ट्यूब पिळलेली असणार, हे इथेच कळलं.

चकती उलटी करून, सीट साफ करून बसवली. गार असताना गळती थांबली. मशीन तापल्यावर पुन्हा सुरू. मग नवीन आणायला गेलो तर पहिल्या दुकानात पाण्याच्या लाइनचा रबर सीटवाला एनआरव्ही मिळाला, २६० रुपयांना. आटे जुळत होते म्हणून घेतला. घरी येऊन विचार केला आणि बसवला नाही: सिंगल स्टेज मशीनची डिलिव्हरीची हवा दीडशे अंशांच्या पुढे तापते, तिथे साधं रबर टिकत नाही. शिवाय त्याला अनलोडरच्या नळीचं भोकही नव्हतं. कॉम्प्रेसरचाच एनआरव्ही दुसऱ्या दुकानात ४२० ला मिळाला. जुना नमुना खिशात घेऊन जा. टाकीकडचे आटे, नळीकडचे आटे आणि अनलोडरचं भोक, तिन्ही जुळावे लागतात.

बसवल्यावर पाच किलोवर बंद केलं. फुस्स, आणि शांत. पुन्हा स्विच दिला, मोटरने उचलला. एमसीबी पडला नाही.

चेपलेली नळी मी बदलून टाकली, ३ हातांची तांब्याची बारीक नळी वर्कशॉपमध्ये होतीच.

१५ जून

वायरिंग. वर्कशॉपच्या बोर्डापासून मशीनपर्यंत पंचवीस मीटर १.५ चौरस मिलिमीटरची वायर आहे. बोर्डावर २२८ व्होल्ट, मोटर उचलताना मशीनपाशी १९५. मोटर सुरू होताना चालू करंटच्या चार-पाच पट ओढते आणि एवढ्या बारीक वायरीत व्होल्टेज उतरतं. ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, अर्थिंगची वेगळी. एमसीबी घरगुती बी प्रकारचा होता, तो मोटरसाठीच्या सी प्रकारचा १६ अँपिअरचा केला. १,९०० रुपये गेले. दोष एनआरव्हीचा होता हे खरं, पण आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं आणि तेव्हा ही बारीक वायर पुन्हा त्रास देणार होती.

१८ जून

हेड उघडले. बोल्ट सैल करायच्या आधी दोन्ही हेडवर, व्हॉल्व्ह प्लेटवर आणि सिलिंडरवर पंचने खुणा केल्या. प्रत्येक थर उचलताना मोबाइलवर फोटो.

डाव्या सिलिंडरच्या सक्शन पट्टीचा कोपरा तुटलेला. तुकडा सापडला नाही, पण पिस्टनच्या डोक्यावर त्याचे वार दिसतात, उथळ. सिलिंडरच्या भिंतीवर चरा पडलेला नाही, हे नशीब. दोन्हीकडच्या डिलिव्हरी पट्ट्यांवर कोळशाचा जाड थर, त्यामुळे त्या पूर्ण टेकतच नाहीत. गॅस्केट सक्शन आणि डिलिव्हरीच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळालेलं, आणि तिथेच ती लाल सिलिकॉन. दाबाची हवा या जळालेल्या जागेतून पुन्हा सक्शनच्या बाजूला शिरत होती. पाच किलोला काटा अडायचा तो यामुळेही.

कोळसा इतका कशाने? क्रँककेसमधलं तेल काढलं तर उत्तर मिळालं. इंजिन ऑइल, तेही पाणी मिसळून दुधाळ झालेलं. इंजिन ऑइलमधले डिटर्जंट घाण आणि पाणी तेलात धरून ठेवतात. मोटारीत फिल्टर असतो म्हणून ते चालतं. इथे फिल्टर नाही, फक्त कनेक्टिंग रॉडचा चमचा तेल उडवतो. झिजलेल्या रिंगांतून ते वर जातं आणि तापलेल्या डिलिव्हरी पट्टीवर जळून कोळसा होतो. कोळसा सुटून एनआरव्हीत अडकला, एनआरव्ही गळला, कुणीतरी नळी चेपली, मोटर उचलेना झाली, आणि कंडेन्सर बदलला गेला.

पट्ट्या आणि गॅस्केटचा संच उद्यमनगरात जुनी प्लेट दाखवून मिळाला, दोन्ही सिलिंडरचे मिळून १,१५०. मेकच्या नावाने शोधत बसू नका, प्लेटवरची भोकं जुळवून बघा. दुकानदाराच्या शेजारी एकजण पॅकिंगच्या लोखंडी पट्टीतून रीड कापून द्यायला तयार होता. ते स्प्रिंग स्टील नव्हे. तुटून सिलिंडरात पडलं की पिस्टन आणि भिंत दोन्ही जातात.

१९ जून

व्हॉल्व्ह प्लेटचं काम. जाड काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर रॉकेल, आणि प्लेट इंग्रजी आठच्या आकड्यासारखी हात फिरवत घासायची. एकाच दिशेने घासली तर एक बाजू उतरते. सीटभोवतीचे खड्डे जाईपर्यंत ४००, शेवटी ८००. प्रत्येक प्लेटला तास-सव्वातास लागला. ओरखडे सगळीकडे सारखे दिसले की प्लेट सपाट झाली असं समजायचं.

नव्या पट्ट्या बसवून रॉकेलची तपासणी केली. पट्टी खालून बंद असेल अशी प्लेट धरायची, वरून भोकात रॉकेल ओतायचं आणि थांबायचं. एका डिलिव्हरी सीटमधून लगेच पाझरलं. ती प्लेट पुन्हा काचेवर. दुसऱ्यांदा मिनिटभरात फक्त ओल आली, तेवढं चालतं असं मामा म्हणाले.

हेडच्या नळीचे तांब्याचे वायसर जुनेच वापरले, पण लालबुंद तापवून पाण्यात बुडवून. तांबं असं केल्यावर मऊ होतं, लोखंडाच्या उलट. सिलिकॉन कुठेही लावली नाही.

२१ जून

सिलिंडर वर उचलले आणि रिंगा बघितल्या. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर. जुनी रिंग सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनने ढकलून सरळ केली आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजली: ०.९ मिलिमीटर. नव्या रिंगेला या बोअरमध्ये ०.२५ च्या आसपास असते. मामांनी बोअर गेज लावून सिलिंडर बघितले. झीज आहे, वर बारीक पायरी बोटाला लागते, पण रीबोअर करून (सिलिंडर आतून मोठा कापून) ओव्हरसाइझ पिस्टन घालण्याएवढी नाही. नुसतं होनिंग (दगडांनी आतून हलकं घासणं) केलं, ३०० रुपये. होनिंगने भिंतीवर आडव्यातिडव्या बारीक रेषा येतात, त्यांत तेल टिकतं आणि नव्या रिंगा लवकर बसतात.

रिंगांचे दोन सिलिंडरचे मिळून ७८० रुपये. बसवताना रिंग फार उघडायची नाही. बिडाची असते, पिळली की काडकन मोडते. पत्र्याच्या पातळ पट्ट्या पिस्टनभोवती ठेवून त्यांवरून सरकवल्या तर सुरक्षित उतरते. तेलाची रिंग सगळ्यांत खाली, आणि तोंडं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत. रिंगेवर खूण असेल तर ती बाजू वर.

कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग, पिस्टनची गजन पिन, क्रँकचे बेअरिंग हलवून बघितले. ठीक आहेत, हात लावला नाही.

२४ जून

जोडणी. हेडचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत. तेल कॉम्प्रेसरचं, व्हीजी १०० (तेलाच्या जाडीचा नंबर), ३८० रुपये लिटर. क्रँककेसवरच्या, तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या मध्यापर्यंतच भरायचं. काच भरून टाकली तर चमचा जास्त तेल उडवतो आणि ते वर जातं.

पुली बघताना साडेबारा अँपिअरचं कोडं सुटलं. ब्लॉकच्या पाटीवर ७८० आरपीएम लिहिलंय. फ्लायव्हील ११ इंची, मोटरवर ७ इंची पुली, मोटर १४४० ची. १४४० गुणिले ७ भागिले ११: ९१६. जास्त हवेसाठी कुणीतरी मोठी पुली चढवली होती. पंक्चरच्या कामात काटा लवकर वर यावा म्हणून हे सर्रास करतात. मशीन ठरल्यापेक्षा जोरात पळतं, हेड जास्त तापतं, कोळसा जास्त होतो आणि मोटर कायम पाटीच्या वर ओढते. ६ इंची पुली ४५० ला आणली. आता हिशेबाने ७८५. हवा थोडी कमी होणार हे मान्य करून घेतली.

जुनी पुली पुलरने काढा, हातोडी मारू नका; बिडाची कड तुटते आणि मोटरचं बेअरिंगही जातं.

नवा बी सेक्शनचा बेल्ट, २८० रुपये. जुन्याचा तळ पुलीच्या खाचेला टेकत होता. बेल्टने बाजूंवर पकडायचं असतं. तळाला टेकला की कितीही ताणा, घसरतो. दोन्ही पुल्यांच्या तोंडाला लाइनदोरी ताणून धरली. चारही जागी दोरी टेकली पाहिजे. माझ्याकडे मोटरची मागची बाजू चार मिलिमीटर आत होती. ताण: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर खाली जावा. जास्त ताणला तर मोटरचं पुढचं बेअरिंग खातो.

फिरण्याची दिशाही बघा. फ्लायव्हीलचे पाते पंख्याचं काम करतात, वारा सिलिंडरवर यायला हवा. कागदाची चिठ्ठी सिलिंडरपुढे धरून खात्री केली.

२५ जून

पहिली चाचणी. ड्रेन कॉक पूर्ण उघडा ठेवून अर्धा तास नुसतं चालवलं. मग २ किलो, ४ किलो, ६ किलो, मध्ये थांबत. गार झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा ताणले, नवं गॅस्केट दबतं म्हणून प्रत्येक बोल्टने थोडी जागा घेतली.

सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढली तर हललीच नाही. वर रंग, आत गंज. इतके दिवस हे मशीन बंद सेफ्टीवर चालत होतं. नवीन साडेआठ किलोचा २२० ला, गेजही बदलला, १८० ला, कारण जुन्याचा काटा हवा नसताना अर्ध्या किलोवर थांबत होता. मग प्रेशर स्विच थोडा थोडा वर करत, बाजूला उभा राहून बघितलं. सेफ्टी साडेआठच्या जरा आधी सुटला. स्विच परत खाली: ७ ला बंद, साडेपाचला चालू.

भरायचा वेळ काय यायला हवा? बोअर ६५, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५०, दोन सिलिंडर, ७८५ फेरे: मिनिटाला साधारण २६० लिटर पिस्टन ढकलतात. अशा मशीनकडून त्यातले सत्तर टक्के धरले तर १८२. टाकीला ७ किलोसाठी १,१२० लिटर मोकळी हवा लागते. म्हणजे सव्वासहा मिनिटांच्या आसपास. घड्याळ लावलं: सहा मिनिटं पन्नास सेकंद. रिंगा अजून बसायच्या आहेत, त्या मानाने समाधान आहे. ७ किलोवर करंट ९.८.

२६-२७ जून

रात्री ७ किलोवर सोडलं, सकाळी ४ किलो. साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड बघितला. गेजच्या आट्यांत फेस, आणि कालच्या नव्या सेफ्टीच्याही. टेफ्लॉन उलट्या दिशेने गुंडाळली गेली होती, आवळताना ती सुटते. आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळायची, पहिला आटा मोकळा सोडून. दुसऱ्या सकाळी ६.६.

आतापर्यंतचा दुरुस्तीचा खर्च ७,२२०, त्यात न वापरलेल्या एनआरव्हीचे २६० आहेत. मशीन आणि टेम्पो धरून १९,३२०.

५ जुलै

पॉलिशच्या कोपऱ्यापर्यंत लाइन टाकली, अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप). पीव्हीसी स्वस्त पडतं, पण दाबाच्या हवेत त्याचा पाइप तडकत नाही, फुटून त्याचे तुकडे उडतात. लाइनला टाकीपासून दूर जाताना किंचित उतार, शेवटी खाली उतरणारा तुकडा आणि त्याला कॉक. गनकडे जाणारी फांदी वरच्या बाजूने काढली, म्हणजे पाणी खालच्या तुकड्यात जातं आणि हवा वरून.

पाऊस सुरू झाल्यापासून टाकीतून निघणारं पाणी बघून आधी मला गळतीची शंका आली. पण आमच्याकडच्या जुलैच्या हवेत घनमीटरला वीस ग्रॅमच्या आसपास वाफ असते. हे मशीन तासाला जवळजवळ अकरा घनमीटर हवा ओढतं. ती दाबून गार झाली की बहुतेक वाफ पाणी होते: सलग तासाला दोनशे मिलीच्या आसपास. मी रोज संध्याकाळी थोडा दाब असतानाच ड्रेन उघडतो, दाब पाण्याला ढकलून बाहेर काढतो.

पहिल्या दाराला मेलामाइन (लाकडावरचं पॉलिश) मारलं तर पांढरट ढग आले आणि काही ठिकाणी तेलाचे गोल डोळे. ढग दमट हवेचे होते, गनपाशी फिल्टर लावून आणि दुपारी कोरड्यात मारून कमी झाले. डोळे अजून न बसलेल्या रिंगांतून वर येणाऱ्या तेलाचे. दार घासून पुन्हा केलं, एक दिवस गेला. रिंगा बसेपर्यंत गन फक्त सीलरला (पॉलिशखालच्या थराला) वापरायची आणि शेवटचा हात ब्रशने, असं ठरवलं.

२८ जुलै

पन्नास तास झाल्यावर तेल बदललं. जुन्या तेलात होनिंगची राखाडी झाक, पाणी नाही. ब्रीदरवर हात ठेवला तर झुळूक लागते, पहिल्यासारखी धाप नाही. भरायचा वेळ सहा मिनिटं वीस सेकंदांवर आलाय. काचेवर पांढरी पट्टी धरून गन नुसत्या हवेवर मारून बघितली, तेलाचा डाग उठला नाही. उद्या एका कपाटाच्या पल्ल्यांना शेवटचा हात गनने मारणार आहे. डाव्या हेडची एनआरव्हीकडची नळी थोडी थरथरते, तिला रबरी क्लँप लावायचा राहिलाय.